प्रेक्षकांचा दरबार

होटगी पाहावयास म्हणून मुद्दाम कोणी येत नाही. येथे माणूस उतरतो तो पुढची गाडी पकडण्यासाठी. सोलापूर सुटले की थोड्याच वेळात हे जंक्शन लागते. एक मार्ग अक्कलकोट रोडवरून वाडी-रायचूरकडे जातो, दुसरा भीमा ओलांडून विजापूर, बागलकोट, गदग असा दक्षिणेकडे वळतो. मार्ग दोन, तशा भाषाही दोन. एकाच बाकावर बसून एक माणूस मराठीत तक्रार करतो आणि दुसरा कानडीत तिला उत्तर देतो. दोघांनाही ते समजते.

१९९० सालचा एक रविवार मला आठवतो. सकाळी दूरदर्शनवर बलदेव राज चोप्रांच्या ‘महाभारता’त कर्णाच्या रथाचे चाक रुतले आणि कर्ण पडला. संध्याकाळी स्टेशनबाहेरच्या लिंबाखाली जी सभा भरली, ती एखाद्या निवडणुकीच्या सभेहून कमी नव्हती. गावातले एक निवृत्त गुरुजी कर्णाच्या बाजूने उभे राहिले. “निःशस्त्र माणसावर बाण टाकणे हा कुठला धर्म?” त्यांचा आवाज कापत होता. समोर होता रेल्वेतला एक पॉइंट्समन, घरची भाषा कानडी. तो शांतपणे म्हणाला, “गुरुजी, भर सभेत द्रौपदीला ओढून आणली, तेव्हा ह्याच कर्णाच्या तोंडून काय निघालं ते विसरलात काय?” गुरुजी उसळले. पॉइंट्समन हटेना. शेवटी चहावाला म्हणाला, “भांडण राखून ठेवा अण्णा, गाडीला सिग्नल पडला.”

त्या दिवशी मला हसू आले होते. पुढे पुष्कळ वर्षांनी उमगले की हे भांडण पोरकट नव्हते. गुरुजींनी शिवाजी सावंतांचे ‘मृत्युंजय’ अनेकदा वाचले होते. १९६७ साली ही कादंबरी निघाली आणि मराठी घरांतून कर्ण जवळजवळ नात्यातला माणूस होऊन बसला. त्याच साली इरावती कर्व्यांचे ‘युगान्त’ही आले, आणि त्यांनी महाभारतातल्या थोरामोठ्यांना, कुणाचीही भीड न बाळगता, माणसांच्या मापाने मोजले. एकाच वर्षी मराठीने कर्णासाठी अश्रूही ढाळले आणि त्याच्या युगाचा हिशेबही मागितला. पॉइंट्समनच्या घरी ह्या दोन्हींपैकी एकही पुस्तक नव्हते. पण कुमारव्यासाचे कानडी भारत त्याने वडीलमाणसांच्या तोंडून ऐकलेले होते. होटगीहून निघालेला रूळ ज्या गदगला पोचतो, त्याच गदगच्या वीरनारायणाच्या देवळात कुमारव्यासाने ते रचले, असे परंपरा सांगते. म्हणजे लिंबाखाली दोन माणसे भांडत नव्हती, दोन वाङ्मये भांडत होती. चोप्रांच्या मालिकेने त्यांना फक्त समोरासमोर बसविले होते.

कथेतल्या पात्रावर प्रेक्षकाने न्यायनिवाडा करावा, त्याची बाजू घ्यावी, त्याच्यावर रागवावे, प्रसंगी लेखकालाही जाब विचारावा, ही हौस दूरचित्रवाणीने शिकविली असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. ह्या दरबाराची परंपरा फार जुनी आहे.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात एक कथा आहे. पहिले नाटक देवांपुढे झाले. विषय होता देवांनी दैत्यांवर मिळविलेला विजय. दैत्य प्रेक्षकांत होते. त्यांना हे चित्रण कसे रुचावे? त्यांनी विघ्ने आणली, नटांची वाणी आणि स्मृती अडविली, प्रयोग बंद पाडला. इंद्राने आपल्या ध्वजाच्या काठीने त्यांना झोडपले. त्या काठीला पुढे जर्जर हे नाव पडले. पण काठीने प्रश्न मिटला नाही. अखेर ब्रह्मदेवाने नाराजांना जवळ बोलावून समजाविले, की हे नाट्य एकट्या देवांचे नाही आणि एकट्या दैत्यांचेही नाही; त्यात तिन्ही लोकांचे भाव यावयाचे आहेत. पुढे त्याच ग्रंथात प्रयोगाचे गुणदोष ठरविणारे ‘प्राश्निक’ कसे असावेत ह्याचीही चर्चा आहे. प्रेक्षक रागावणार हे आपल्या पूर्वजांनी गृहीतच धरले होते. राग आल्यावर काठी उचलावयाची की बोलावयाचे, एवढाच प्रश्न त्यांनी पुढच्या पिढ्यांवर सोपविला.

मराठी रंगभूमीचा जन्मही ह्या दोन भाषांच्या शेजारातच झाला. कर्नाटकातून सांगलीला आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून राजेसाहेबांना तसे काही मराठीत असावे असे वाटले, आणि विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. त्यानंतर शंभर वर्षे मराठी प्रेक्षकाने नाटक कधी नुसते पाहिले नाही. त्यात तो नेहमी पक्षकार झाला. १९०७ साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ आले. प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झन पाहिला, सैरंध्रीत परवश देश पाहिला. सरकारलाही तेच दिसले आणि १९१० साली नाटकावर बंदी आली. पात्राचा अर्थ ठरविणारा प्रेक्षक किती प्रबळ असतो ह्याची ती सरकारी पावतीच म्हणावयाची.

चाहत्यांच्या तटांचे म्हणाल, तर बालगंधर्व श्रेष्ठ की केशवराव भोसले, ह्यावरून एके काळी घराघरात दोन पक्ष होते. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झाले, तेव्हा केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी, असे दोघेही एका रंगमंचावर उभे राहिले. दोन्ही तट एका छताखाली बसले आणि भांडणाचे सोने होऊन स्वराज्याच्या थैलीत पडले. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव गेले.

आता दूरचित्रवाणीकडे वळू. दिल्लीला ती १९५९ साली आली, मुंबईला २ ऑक्टोबर १९७२ रोजी, आणि पुढच्या वर्षी पुण्याला. मुंबई केंद्राने सत्तरीच्या उत्तरार्धात चिं. वि. जोशांच्या चिमणरावाला पडद्यावर आणले. दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले, बाळ कर्वे गुंड्याभाऊ झाले आणि लोकांनी त्यांना जन्मभर त्याच नावांनी हाका मारल्या. पण त्या लहरींचा पल्ला मुंबई-पुण्याच्या आसपासचा. आम्हा होटगीकरांचा चिमणराव पुस्तकातच राहिला.

गंमत अशी, की आमच्याही आधी दूरचित्रवाणी पोचली ती आमच्या कानडी शेजाऱ्यांकडे. १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्षभर, अमेरिकेच्या उपग्रहाच्या साहाय्याने, सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांना कार्यक्रम दाखविण्याचा प्रयोग आपल्या अवकाश संशोधन संस्थेने केला. महाराष्ट्र त्यात नव्हता. पण कर्नाटकातले विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर हे जिल्हे होते. तारेच्या जाळीची मोठी थाळी, तिच्याखाली एक संच आणि त्याच्यापुढे अख्खे गाव! वर्ष संपले, उपग्रह परत गेला, आणि अनेक खेड्यांतले ते संच मुके झाले.

आमच्या भागात घरोघर पडदा उजळला तो ऐंशीच्या दशकात. १९८३ साली इन्सॅट-१बी आकाशात गेला आणि त्याच्या पुढच्या वर्षी देशभर लहान प्रक्षेपण केंद्रे झपाट्याने उभी राहिली. ती दिल्लीचा कार्यक्रम उचलून देत. त्यामुळे सोलापूर जिल्ह्याच्या कानाकोपऱ्यातली मराठी, कानडी, तेलुगू घरे एकदम हिंदी कथेच्या सावलीत आली. ती पहिली मोठी कथा म्हणजे ‘हम लोग’. ७ जुलै १९८४ रोजी सुरू होऊन १९८५ च्या डिसेंबरात ती संपली. लेखक मनोहर श्याम जोशी. आणि प्रत्येक भागाच्या शेवटी अशोक कुमार येऊन घरच्या वडीलधाऱ्यासारखे दोन शब्द बोलत.

ह्या मालिकेमागे एक हेतू होता. मेक्सिकोत मिगेल साबिदो ह्यांनी कौटुंबिक कथांतून लोकशिक्षणाचे प्रयोग केले होते; त्याच धर्तीवर येथे कुटुंबनियोजन आणि स्त्रियांची प्रतिष्ठा ह्यांचा प्रसार व्हावा, असे योजले होते. पहिल्या काही भागांत उपदेश फार झाला, प्रेक्षक कंटाळले, आणि निर्मात्यांना उपदेश मागे घेऊन गोष्ट पुढे आणावी लागली. मग मात्र लोक त्या कुटुंबात असे गुंतले की चार लाखांहून अधिक पत्रे आली. बडकीने लग्न करावे की नाही, नन्हेने काय करावे, लल्लूने कोणाचे ऐकू नये, ह्याविषयी हुकूम, विनवण्या, धमक्या, आशीर्वाद!

पण खरी मौज भागवंतीच्या बाबतीत झाली. भागवंती ही त्या घरातली आई. नवरा दारुडा, सासू खाष्ट. ती सारे मुकाट सोसते. लिहिणाऱ्यांचा हेतू असा, की हे पाहून स्त्रियांनी म्हणावे, असे सोसू नये. पुढे अभ्यासकांनी प्रेक्षकांना विचारले, तेव्हा आढळले की अनेकींना, आणि अनेकांनाही, भागवंती हाच आदर्श वाटला होता! सहन करते म्हणूनच ती थोर, असे त्यांचे म्हणणे.

ह्यात प्रेक्षकांना हसण्यासारखे काही नाही. भागवंती नवी नव्हती. आपण तिला ओळखत होतो. १९१९ साली राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’त सिंधू आली, तीही दारुड्याचीच बायको. बालगंधर्वांनी ती उभी केली आणि सबंध महाराष्ट्र तिच्यासाठी रडला. त्या काळी कितीजणांनी विचारले असेल, की बाई गं, तू एवढे का सोसलेस? ज्यांनी सिंधूची पूजा केली, त्यांच्याच नातींनी भागवंतीची केली. परंतु काळ थांबत नाही. १९९९ साली ‘आभाळमाया’तली सुधा जोशी आली, नवऱ्याच्या दुसऱ्या संबंधाला तिने स्वाभिमानाने तोंड दिले. २०१६ साली ‘माझ्या नवऱ्याची बायको’ सुरू झाली. तिच्यातल्या राधिकेने नवऱ्याने फसविल्यावर मसाल्यांचा उद्योग उभारला. आणि घराघरांत वाद सुरू झाला तो उलट्या टोकाने: ही त्या नवऱ्याला अजून क्षमा का करते? सिंधू, भागवंती, सुधा, राधिका. शंभर वर्षांत पात्र तर बदललेच; पण त्याहून अधिक बदलला तो पाहणाऱ्यांचा प्रश्न. आपल्या कुटुंबसंस्थेचा इतिहास लिहावयाचा तर तो दप्तरखान्यात जितका सापडेल, तितकाच तो ह्या दिवाणखान्यातल्या वादांतही सापडेल.

‘हम लोग’च्या मागोमाग रामानंद सागरांचे ‘रामायण’ आले. २५ जानेवारी १९८७ पासून ३१ जुलै १९८८ पर्यंत रविवारची सकाळ म्हणजे देवघर झाले. संचाला हार घालणारी, उदबत्ती ओवाळणारी घरे ह्या डोळ्यांनी पाहिली आहेत. मालिका ५२ भागांची ठरली होती, ती ७८ भागांवर गेली. राज्याभिषेकाशी ती संपणार असे दिसताच एक विलक्षण गोष्ट घडली. पंजाबात जालंधर येथे वाल्मीकी समाजातील सफाई कामगारांनी संप पुकारला; संपाचे लोण इतर शहरांतही गेले. मागणी पगाराची नव्हती. लव-कुशांची आणि त्यांना वाढविणाऱ्या वाल्मीकींची कथा दाखविली पाहिजे, ही मागणी होती. ज्या कवीचे नाव आपण लावतो, तोच कथेबाहेर राहिला, तर आपणही बाहेर राहिलो, असे त्यांना वाटले. शेवटी उत्तरकांडाची मालिका झाली. प्रेक्षकांनी गोष्टीचा शेवट बदलून घेतला असे मी म्हणणार नाही. गोष्टीत आपली जागा मागून घेतली, असे म्हणेन.

‘महाभारता’च्या वेळी भांडणाने निराळे रूप घेतले. संवाद राही मासूम रझा लिहिणार हे जाहीर होताच, मुसलमान लेखकाने महाभारत का लिहावे, अशी पत्रे आली. रझांनी ते आव्हानच समजून काम पत्करले. ९४ भाग झाले. ‘समय’ हा त्यांनी कल्पिलेला निवेदक घराघरांत पोचला. आमच्या लिंबाखाली कर्णावरून जी लढाई झाली, तिच्यातले संवाद मुळात रझांचे होते. तेव्हा लेखकाचा धर्म कोणाच्या ध्यानातही आला नाही.

त्याच सुमारास, १९८८ च्या जानेवारीत, भीष्म साहनींच्या कादंबरीवरून गोविंद निहलानींनी केलेली ‘तमस’ ही फाळणीची कथा दूरदर्शनवर सुरू झाली. ती पाहून दंगे होतील, म्हणून ती थांबवावी, असा अर्ज मुंबई उच्च न्यायालयात झाला आणि तात्पुरती मनाईही मिळाली. तेव्हा न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर ह्यांनी सबंध चित्रण स्वतः पाहिले आणि मनाई उठविली. पुढे फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तोच निर्णय दिला. तो देताना एक जुनी कसोटी पुढे ठेवली गेली. नागपूरच्या उच्च न्यायालयात १९४६ साली न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस ह्यांनी सांगितली होती ती. शब्दांचा परिणाम मोजावयाचा तो समंजस, खंबीर मनाच्या माणसावरून. जागोजागी धोका दिसणाऱ्या भित्र्या मनावरून नव्हे, हा तिचा आशय. नागपुरात एका जुन्या खटल्यात घडलेले हे माप चार दशकांनी दूरचित्रवाणीच्या पडद्याला लागले. त्यात प्रेक्षकाचा केवढा सन्मान आहे! न्यायालयाने जणू सांगितले की आमचा प्रेक्षक शहाणा आहे.

आपण शहाणे आहोत काय? कधी असतो, कधी नसतो. २०१६ साली ‘रात्रीस खेळ चाले’ ही कोकणातल्या एका वाड्याची गोष्ट सुरू झाली, तेव्हा कोकणची बदनामी होते, अंधश्रद्धा पसरते, म्हणून सिंधुदुर्गात विरोध झाला, बंदीची मागणी झाली. मालिका चालू राहिली. तिचे दुसरे, तिसरे पर्व निघाले. आणि त्यातला दुष्ट अण्णा नाईक लोकांच्या गळ्यातला ताईत झाला. अंधश्रद्धेविषयीची तक्रार विचार करण्याजोगी होती. बंदीची मागणी नव्हती.

हल्लीच्या मालिकांवर माझी स्वतःची एक तक्रार आहे. ती सांगितल्यावाचून राहवत नाही. पूर्वी गोष्ट आठवड्यातून एकदा येई आणि आपण सहा दिवस तिच्यावर बोलत असू. आता ती रोज येते. ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका २००१ साली सुरू झाली आणि तिचे तीन हजारांवर भाग झाले! नावातले चार दिवस अकरा वर्षांहून अधिक पुरले. दर आठवड्याला प्रेक्षकसंख्येचे आकडे येतात आणि त्यांप्रमाणे पात्राचा स्वभाव वाकविला जातो. काल शहाणी असलेली सून आज खुळी होते, कारण ती खुळी झाल्यावाचून उद्याचा भाग उभा राहत नाही. प्रेक्षकाने रागवावे ते ह्यावर. पात्र दुष्ट आहे म्हणून नव्हे, तर ते स्वतःशी बेइमान झाले म्हणून. आणि खलनायिका करणाऱ्या नटीला बाजारात गाठून बोल लावणारे, किंवा मोबाइलवरून तिला शिव्या धाडणारे जे वीर आहेत, त्यांना एवढेच सांगावेसे वाटते, की बाईने तिचे काम चोख केले म्हणून तर तुम्ही संतापलात!

२०२० च्या मार्चअखेर टाळेबंदीत ‘रामायण’ आणि ‘महाभारत’ पुन्हा दाखविले गेले. होटगीचे फलाट ओस पडले होते. घरात नातवंडे माझ्या शेजारी बसली आणि कर्ण पडला तेव्हा पुन्हा तोच वाद झाला. धाकटी कर्णाच्या बाजूची, थोरला विरुद्ध. मी गुरुजींचे म्हणणे सांगितले, पॉइंट्समनचेही सांगितले. मग आठवण झाली ती मोठ्या काकूची.

१९९० च्या त्या रविवारी रात्री आमच्या ओसरीवरही कर्णाचीच चर्चा चालली होती. काका बोलत होते, शेजारी बोलत होते. काकू दारात उभी राहून ऐकत होती. चार माणसांत ती कधी तोंड उघडीत नसे. त्या रात्री ती एकाएकी म्हणाली, “कर्णाचं नि अर्जुनाचं काय ते तुम्ही बघा. कुंती एवढी वर्षं गप्प का बसली, ते मला विचारा.” सारे थांबले. काकांनी हसून विचारले, “का बसली?” ती म्हणाली, “खरं बोलायला बाईला घरात जागा लागते. ती तिला कुणी दिली होती?” आणि आत निघून गेली. त्या वाक्यावर कोणी काही बोलले नाही. परंतु दुसऱ्या दिवसापासून काका तिला जेवताना दोन गोष्टी विचारू लागले, हे मी पाहिले आहे.

गोष्ट बंद पाडणाऱ्यांना हे ठाऊक नसते. पात्राविषयी बोलता बोलता माणूस आपल्याविषयी बोलून जातो. एरवी जे ओठांवर यावयाचे नाही, ते कुंतीच्या, भागवंतीच्या, सीतेच्या नावाने बाहेर पडते. इंद्राच्या काठीने गोष्ट थांबते, आणि तिच्याबरोबर दारात उभी असलेली ती काकूही गप्प होते. म्हणून ह्या दरबारात भांडण हवे, कडाक्याचे हवे. पण दरबार उठवून लावण्याचा अधिकार कोणालाच नको.

यंदा दिवाळीला घरी मंडळी जमतील, फराळ होईल, आणि कोणीतरी कुठल्यातरी मालिकेतल्या सुनेवर रागावेल. त्यांना रागावू द्या. फक्त त्या वेळी दारात कोण उभे आहे, तेवढे पाहा. आणि त्यांनाही विचारा, की तुम्हाला काय वाटते?